आठ ग्रॅम पीठ

"एक वाटा थोरलीचा, एक वाटा मधल्याचा, एक वाटा पाळण्याचा, उरला तर माझा."

आईचा तो आवाज. वाढताना ती असं पुटपुटायची. धड गाणं नव्हे, धड बोलणंही नव्हे. सात मुलं, दोन खोल्या, एक पातेलं. डाव खाली गेला की एक वाटा, वर आला की पुढचं नाव. एका दुपारी सात वर्षांची ती दाराआड उभी होती आणि त्या ओळीत तिचं नाव आलंच नाही. आई चुकली असेल म्हणून ती थांबली. आईनं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा सहाच. मग आई कुणाला तरी म्हणाली, "पुरत नाही हो. एकीला कुठं पाठवलं तर बाकीच्यांना पुरेल."

पुढच्या आठवड्यात तिची रवानगी मूलबाळ नसलेल्या आत्याकडे झाली. आत्या चांगली होती. पोटभर जेवण मिळालं, शाळा मिळाली, स्वतःचं वेगळं अंथरूण मिळालं. पण मोजायची खोड लागली ती तेव्हापासून. जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या, दोरीवरचे चिमटे मोजायचे, वर्गातल्या वेण्या मोजायच्या, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायची. कुणी सुटलं तर नाही ना, म्हणून.

त्या खोडीचीच पुढे नोकरी झाली. प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणतात. बत्तीस वर्षं झाली, ती पिठातले किडे मोजते.

हे ऐकून लोकांना हसू येतं. तिच्या थोरल्या जावेला तर अजून येतं. "जगातल्या बायका पिठात किडे झाले की पीठ फेकतात," जाऊ म्हणते, "आणि आमच्या बाईसाहेब पिठात किडे झाले नाहीत की काळजीनं जेवत नाहीत."

काम दिसायला सोपं. अंगठ्याएवढ्या जाडीची काचेची कुपी. तिच्यात आठ ग्रॅम पीठ, चिमूटभर यीस्ट, आणि जाळीचं बूच. दर तीस दिवसांनी कुपी रेशमी चाळणीवर उपडी करायची, पीठ गाळायचं, मऊ ब्रशानं किडे पांढऱ्या ट्रेवर सरकवायचे, मोजायचे, आकडा वहीत लिहायचा. मग ताजं पीठ घ्यायचं, तेही आठच ग्रॅम, त्यात किडे परत सोडायचे आणि कुपी उबेच्या कपाटात ठेवायची. पुन्हा तीस दिवस.

किडे दोन जातींचे. दोन्ही तांदळाच्या दाण्याहून लहान, दोन्ही तांबूस, दोन्ही सारखेच घाबरट. फरक काय तो मिशांचा. एका जातीच्या मिशीच्या टोकाला तीन मण्यांची ठसठशीत गाठ असते, दुसरीची मिशी बुडापासून टोकापर्यंत हळूहळू जाड होत जाते. पुस्तकात त्यांची लांबलचक नावं आहेत. इथं मात्र ते गदावाले आणि सोटेवाले. अळ्या दोघांच्या सारख्याच दिसतात, त्यांची नुसती संख्या लिहायची. मोठ्या किड्यांना मात्र भिंगाखाली घ्यायचं, मिशी बघायची, गदावाला डावीकडे, सोटेवाला उजवीकडे.

आणि पिठाचा एक कायदा आहे. आठ ग्रॅम पिठाला जेवढे झेपतात तेवढेच राहतात. दहा सोडा की दोनशे सोडा, वर्षाच्या आत आकडा शंभर-सव्वाशेपाशी येऊन बसतो. कुणी कुणाला हाकलत नाही, हाकलून जायला दारच नाही. दाटी झाली की किडे अंडी खातात, शेजाऱ्याचीही आणि स्वतःचीही. पीठ गुलाबीसर होतं, त्याला नाकात झोंबणारा वास येतो. दोन्ही जाती एका कुपीत ठेवल्या तर आधी वाटतं, नांदतील. दोघांचे आकडे शेजारी शेजारी चढतात. मग कुठल्यातरी महिन्यापासून एकाचा उतरू लागतो. चाळीस, एकतीस, बावीस, नऊ, चार. आणि मग वहीत शून्य. दमट उबेत गदावाले टिकतात, कोरड्या गारव्यात सोटेवाले. मधल्या फळीवर, जिथं ना ऊब जास्त ना गारवा, तिथं कोण टिकेल ते आधी सांगता येत नाही. पण टिकतो एकच. प्रयोगशाळेचे मोठे सर होते तेव्हापासून हेच चालत आलं आहे. सर गेले, त्यांची खुर्ची मॅडमकडे आली, खुर्चीचं कापड दोनदा बदललं, हे बदललं नाही.

चार वर्षांपूर्वी एक मुलगी संशोधनाला आली. तिला सगळे घाई म्हणतात, कारण ती जिना चढतानाच बोलायला सुरुवात करते आणि दारात पोचेपर्यंत तिचं अर्धं बोलून झालेलं असतं. मोजणीबाईला ती पहिल्या दिवसापासून मावशी म्हणाली. विचारलंही नाही, म्हणू का म्हणून. घाईनं मधल्या फळीवर वीस कुप्या मांडल्या, प्रत्येकीत दोन्ही जाती. मोजणी अर्थात मावशीची. सव्वा वर्षात तेरा कुप्यांचा निकाल लागला. तेरा शून्यं. उरल्या सात, आणि त्या सातांतही सोटेवाले उताराला लागले होते.

मग ती शिंक आली.

चौथी कुपी ट्रेवर होती. अकरा सोटेवाले मोजून उजवीकडे सारलेले. नाकात पीठ गेलं, तिनं तोंड फिरवलं तोवर उशीर झाला होता. परत पाहिलं तर आठ. तिनं फरशी पाहिली, स्टुलाखाली पाहिलं, पदर झटकला. तीन किडे कुठं गेले ते त्यांनाच ठाऊक. नियम साधा होता: ट्रेबाहेर गेलेला किडा परत कुपीत जात नाही, आणि वहीत लिहायचं, 'तीन हरवले'. बत्तीस वर्षांत तिनं हा शब्द कधी लिहिला नव्हता. खिडकीपाशी दोन मोठ्या बरण्या होत्या, एकीत निव्वळ गदावाले, दुसरीत निव्वळ सोटेवाले, नव्या प्रयोगांचं बेणं म्हणून राखलेले. ती उठली, दुसऱ्या बरणीतून तीन किडे ब्रशावर घेतले, कुपीत सोडले आणि वहीत अकरा लिहिले.

तेवढंच. हिशोब बरोबर झाला, असं तिला वाटलं. पण पुढच्या महिन्यात चौथ्या कुपीत सोटेवाले एकोणीस झाले होते, आणि शेजारच्या तिसरीत पाचावर आले होते. पाच. तिनं दोनदा मोजलं. त्या दिवशी शिंक आली नव्हती. कुणाची आठवणही आली नव्हती. हात बरणीकडे गेला, इतकंच.

असं दोन वर्षं चाललं. कुठं तीन, कुठं पाच, ज्या कुपीत उतरले असतील त्या कुपीत. आणि मधल्या फळीवर अशी गोष्ट घडू लागली जी तिथं कधी घडली नव्हती. सात कुप्यांत दोन्ही जाती राहत होत्या. अडतीस महिने झाले, राहत होत्या. घाई आनंदानं वेडी व्हायची बाकी राहिली. एरवी त्या फळीकडे न फिरकणाऱ्या मॅडम चष्मा बदलून येऊन पाहून गेल्या. दूरच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं.

सांगायचं तेव्हाच होतं. पत्र आलं तेव्हा. किंवा त्याच्या आधी, घाईनं पहिल्यांदा आलेख काढून भिंतीला चिकटवला तेव्हा. रोज सकाळी जिना चढताना ती ठरवायची, आज बोलायचं. आणि रोज घाई जिन्यातच गाठायची आणि सगळी जागा आपल्या बोलण्यानं भरून टाकायची.

आता मंगळवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू. सहा आठवडे वाकायचं नाही, भिंग लावायचं नाही. त्याआधी सोमवारी घाईला तीन परीक्षकांसमोर उभं राहायचं होतं. आणि शुक्रवारी, म्हणजे उद्या, मोजणी.

घरात त्या दोघी जावाच उरल्या होत्या. दोन खोल्या, एक ओटा. नवरे असताना त्या ओट्यावरून वर्षं वर्षं अबोले झाले होते. डावी बाजू कुणाची, खिडकी कुणाची, चहाची साखर कुणी संपवली. आता डावं-उजवं काही राहिलं नव्हतं. संध्याकाळी जाऊ कपडे घड्या करत होती आणि ती समोर बसून तोच एक टॉवेल तिसऱ्यांदा घडी करत होती.

"डोळ्याची भीती वाटतेय?" जाऊ म्हणाली.

"डोळ्याची नाही."

"मग त्या टॉवेलानं काय गुन्हा केलाय?"

तिनं टॉवेल खाली ठेवला. "जाऊबाई, समजा एखाद्यानं चुकीची गोष्ट केली. पण वाईट हेतूनं नाही केली."

"हं. हे वाक्य नेहमी ज्यानं केलंय तोच म्हणतो."

"समजा म्हटलं ना."

"बरं, समजलं. कुणाला कळणार आहे?"

"नाही. मी सांगितलं नाही तर कुणालाच नाही."

"मग गप्प बसावं. डोळा नीट करून घ्यावा. दोन वर्षांनी पेन्शन घ्यावी आणि मला देवदर्शनाला घेऊन जावं." जावेनं ब्लाउजची बाही ओढून सरळ केली. "किडे काय साक्ष द्यायला येणारेत?"

"मी किडे म्हणाले नाही."

"तुझ्या आयुष्यात दुसरं आहे काय, बाई?"

तिला हसू आलं नाही. जावेनं ते पाहिलं आणि हातातली घडी मांडीवर ठेवली. नंतर ताटावर बसल्यावर आपल्या ताटातलं थोडं न बोलता तिच्या ताटात सरकवलं. तिनं ते ताटाच्या कडेला सारलं.

शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली. झाडणारी बाईसुद्धा आली नव्हती. तिनं सोटेवाल्यांच्या बरणीचं झाकण काढलं, सहा किडे ब्रशावर घेतले, औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये घातले, तिची दोन्ही अर्धी एकमेकांत दाबली आणि ती ॲप्रनच्या खिशात टाकली. महिन्यामागून महिने ती हेच करत आली होती. पण आज खिसा जड लागत होता. बोटांच्या टोकांनी ती सारखी चाचपत राहिली, कॅप्सूल उघडली तर नाही ना. आत बारीक खरखर होत होती की तिच्या मनातच, कोण जाणे.

घाई त्या दिवशी लवकर आली. चार वर्षांत पहिल्यांदा.

"मावशी, सरका. आज मी शेजारी बसणार. पुढच्या मोजणीला तुम्ही घरी डोळ्याला पट्टी लावून बसलेल्या असाल आणि इथं मोजायला मी एकटी. आत्ताच सगळं दाखवून ठेवा."

"तुला येतं की मोजता."

"येतं म्हणजे काय, शंभरपर्यंत येतात आकडे." घाईनं स्टूल ओढलं, इतकं जवळ की तिचा गुडघा ॲप्रनच्या खिशाला लागला. मावशीनं खिसा पलीकडच्या मांडीवर घेतला.

पहिली कुपी. दुसरी. तिसरी. पीठ चाळणीतून पांढऱ्या धुक्यासारखं खाली उतरत होतं. चाळणीत किडे उरत, भांबावून कडेला धावत. ब्रश खाली, ब्रश वर. डावीकडे, उजवीकडे. सोटेवाले पहिलीत आठ, दुसरीत सात, तिसरीत नऊ. सगळीकडे उतरलेले. मागच्या महिन्यात डोळ्यांमुळे तिला कमी दिसलं होतं आणि घालायचं राहून गेलं होतं.

चौथी कुपी घाईनं घेतली.

"पाच," घाई म्हणाली.

"सहा. एक बुचाच्या जाळीत आहे बघ."

घाईनं बूच भिंगाखाली धरलं. "आहे की. आणि म्हणे डोळे गेलेत." तिनं तो अलगद उतरवला. "सहा तर सहा. येतील वर."

"आणि नाही आले तर?"

"आले नाहीत असं कधी झालंय? वहीत बघा ना. चारावर आले, पुढच्या महिन्यात तेरा. पाचावर आले, पुढे पंधरा. दर वेळी." घाईनं पेन्सिल घेतली आणि वहीच्या मागच्या पानावर कुपी काढायला लागली. ते चित्र तिनं इतक्यांदा काढलं होतं की हात आपोआप चालत होता. "हे तळाचं पीठ. दबून घट्ट झालेलं. गदावाले इतक्या खाली उतरत नाहीत, त्यांना वर मोकळ्यात आवडतं. सोटेवाले कमी झाले की त्यांच्या माद्या या इथं, कोपऱ्यात जातात आणि अंडी घालतात. तिथं खायला कुणी येत नाही. माघार घेऊन जगतात, मावशी. आजवर सगळे म्हणत होते, दोघांतला एक संपतोच. संपत नाही. थोडी आडोशाची जागा मिळाली की नाही संपत."

"तू पाहिलंस, माद्या खाली जाताना?"

"मॅडमनीही हेच विचारलं. पिठात कसं दिसणार? आकडे दिसतात ना." घाईनं कोपऱ्यात दोन टिंबं काढली, अंडी. "त्या दूरच्या प्रयोगशाळेत एक मुलगा यावर तीन वर्षं काम करणारेय. काल त्याचं पत्र आलं. तळाचं पीठ किती दाबायचं, विचारत होता. इतका नम्र, की मलाच उगाच म्हातारं झाल्यासारखं वाटलं."

तीन वर्षं. तो कोण कुठला मुलगा तीन वर्षं कुपीच्या तळाशी पीठ दाबत बसणार होता. मावशीनं ब्रश दुसऱ्या हातात घेतला.

फोन वाजला. घाईचे वडील. "दोन मिनिटं हं," म्हणत ती व्हरांड्यात गेली. दार अर्धवट लोटलं गेलं.

चौथी कुपी उघडी होती. ताजं पीठ भरलेलं, किडे अजून ट्रेवर. मावशीनं कॅप्सूल काढली. एका कुपीत तीन, एका कुपीत तीन, बाकीच्यांना दुपारी बघता येईल. सोमवार निघून जाईल. दोन मिनिटं पुष्कळ झाली. आजवर तिला एवढीही लागली नव्हती.

तिनं दोन्ही अर्धी चिमटीत धरली. व्हरांड्यातून घाईचा आवाज येत होता. "हो बाबा, झोपते. हो, जेवते पण. नाही हो, भीती कसली. आकडे मावशींनी मोजलेत, त्यात कोण चूक काढणार?"

चिमटी सुटेना. बोटं तशीच राहिली. मग तिनं ती न उघडलेली कॅप्सूल परत खिशात टाकली.

तिच्या डोक्यात एक वेगळीच वाट उघडली, आणि ती वाट इतकी सोपी होती की छातीतलं ओझं क्षणभर हललं. सांगायचंही नाही आणि घालायचंही नाही. नुसतं थांबायचं. सोमवार पार पडेल, घाईला पदवी मिळेल. सहा आठवड्यांत, फार तर चार महिन्यांत, सोटेवाले आपोआप संपतील. लोक म्हणतील, नवलच, इतके दिवस राहिले आणि गेले. त्या मुलाच्या कुप्यांतही संपतील. तो म्हणेल, पीठ नीट दाबलं नसेल. कुणाचं काही बिघडणार नाही. तिनं ट्रेवरचे गदावाले आणि ते सहा सोटेवाले कुपीत सोडले आणि बूच लावलं. किडे पिठात शिरले, वर बारीक बारीक भोकं राहिली.

घाई परत आली ती बसलीच नाही. खिडकीशी उभी राहिली, फोन दोन्ही हातांत धरून.

"काय म्हणाले बाबा?"

"काही नाही. अभिमान वगैरे." खाली कुणीतरी सायकलची घंटी उगाच वाजवत होतं. "मावशी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"मी कधी रागावले?"

"एकदा. मी चाळणीवर चहाचा कप ठेवला होता तेव्हा." घाई आली आणि स्टुलावर टेकली. भिंतीवरचा आलेख काढून तिनं मांडीवर घेतला. सात रेघा, वर-खाली, वर-खाली. "मागच्या वर्षी तुमच्या जाऊबाई आजारी होत्या आणि तुम्ही महिनाभर नव्हतात. तेव्हाची मोजणी मी केली. आठवतं?"

"आठवतं."

"मग या रेघांत तो महिना दाखवा."

मावशीनं भिंग न घेता कागद डोळ्यांजवळ नेला. धूसर रेघा. एका जागी रेघ सरळ पुढच्या टिंबाला जोडली होती.

"नाहीये," घाई म्हणाली. "मी काढून टाकला." तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू झाला, आणि हळू बोलणारी घाई मावशीनं कधी पाहिली नव्हती. "सातही कुप्यांत सोटेवाले खाली गेले होते. दोन कुप्यांत तर मी शून्य लिहिलं. सुट्या कागदावर. वहीत नंतर नीट उतरवणार होते. मग तुम्ही आलात, पुढची मोजणी तुम्ही केलीत, आणि ज्या दोन कुप्यांत माझं शून्य होतं तिथं तुम्हाला एकीत पाच मिळाले, एकीत सात. अळ्यांतून झाले असतील म्हणून मी आकडे जुळवून बघितले. तितक्या अळ्याच नव्हत्या. म्हणजे ते तिथंच होते, ट्रेवर, माझ्या समोर, आणि मी त्यांना ओळखलं नाही. बारा किडे. सगळे गदावाल्यांत मोजले."

वहीतला तो रिकामा रकाना मावशीला आठवला. तिला वाटलं होतं, घाई नंतर भरेल. घाईच ती. रजेवरून परतली त्या दिवशी वही घाईकडे होती, आणि महिनाभर आपण नव्हतो म्हणून तिनं अंदाजानंच कुप्यांत किडे घातले होते, मूठ जरा सैल सोडून. मागचा आकडा न पाहता.

"मॅडमना मी सांगितलं, त्या महिन्यात कपाट बंद पडलं होतं म्हणून आकडे धरले नाहीत. ते बंद नव्हतं पडलं." घाईनं आलेखाची कड दुमडली, पुन्हा सरळ केली. "मी कधी खोटं बोलत नाही, मावशी. म्हणजे उशीर झाला की बोलते. पण असलं नाही. आणि वर्षभर मी रोज सगळे गेल्यावर अर्धा तास भिंग लावून बसते, मिशा बघत. मला फरक दिसतो. मला वाटतं, दिसतो. पण तेव्हाही असंच वाटलं होतं. सोमवारी त्यांच्यातला एखादा म्हणाला, हा किडा घे आणि सांग कुठला, तर? चार वर्षं झाली आणि मला माझे किडेच ओळखता येत नाहीत. हे मी घरी नाही सांगितलं. फक्त तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही कधी चुकत नाही."

तिचे डोळे भरले नव्हते. भरले असते तर बरं झालं असतं. कोरड्या डोळ्यांनी ती मावशीच्या तोंडाकडे बघत होती, डॉक्टर काय सांगतील याची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

मघाशी उघडलेली ती सोपी वाट मावशीला अजून दिसत होती. फक्त तिच्यात मध्येच ही मुलगी उभी होती, रोज संध्याकाळी रिकाम्या खोलीत भिंगावर वाकलेली.

"पाणी पी आधी," मावशी म्हणाली.

"नको."

"पी."

घाईनं बाटलीचं बूच काढलं, घोटभर प्यायली, बूच परत लावलं. मावशीनं ब्रश पुसला. जागेवर ठेवला. पुन्हा उचलला. समोरच्या कपाटाच्या काचेत त्या दोघीही दिसत होत्या, आणि मागे सात कुप्या.

"तू बरोबर मोजले होतेस," ती म्हणाली.

"समजूत नका काढू, मावशी. शून्यातून सात येत नाहीत."

"येत नाहीत."

"मग?"

मावशीनं ब्रश खाली ठेवला.

"तुझं शून्य शून्यच होतं. तुला मिशा ओळखता येतात, माझ्यापेक्षा नीट येतात. ते सात मी घातले. आणि दुसऱ्या कुपीतले पाचही. त्या बरणीतून आणून. त्या महिन्यात, त्याच्या आधी, त्याच्यानंतर, दोन वर्षं, या सातही कुप्यांत. तळाशी कुणी लपत नाही गं. ते संपतात. मीच त्यांना संपू देत नव्हते."